गंजलेल्या एमजीबीला किती मोजायचे: एका सौद्याचा हिशेब

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी. क्रोमचे बंपर, दुमडणारं कापडी छत, १७९८ सीसीचं इंजिन, ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा टप्पा असलेला) गिअरबॉक्स. इंग्लंडात वुस्टरजवळच्या एका खेड्यात विटांच्या गॅरेजमध्ये २००४पासून उभी. मूळ मालक वारले होते, मुलगा विकायला बसला होता आणि त्याने ६,५०० पौंड सांगितले होते. घेणारा माझा मावसभाऊ. बर्मिंगहॅमला राहतो, निवृत्तीला आलाय, मुलं मार्गी लागली आहेत आणि स्वतःच्या हाताने काहीतरी उभं करायची त्याला मनापासून हौस आहे. मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांखाली माझे बरेच शनिवार-रविवार जातात. दादाने मला एवढंच विचारलं, "हिला किती द्यायचे ते सांग. घ्यायची की नाही ते माझं मी बघतो."

प्रश्न नेमका होता. बहुतेक लोक आधी गाडीच्या प्रेमात पडतात, मग किंमत कमी करून मागतात आणि कमी झाली म्हणजे सौदा चांगला झाला असं धरतात. सांगितलेल्या किमतीपासून खाली उतरत जाण्याची ही रीत मला अगदी नापसंत आहे. विकणाऱ्याने कुठला आकडा उच्चारला यावर आपला आकडा ठरायचं काहीच कारण नाही. काम पूर्ण झाल्यावर ही गाडी बाजारात कितीला जाईल तिथून सुरुवात करायची आणि उलटं मोजत मागे यायचं. मागे येता येता शून्याच्या खाली गेलो तर तेही तोंडाने म्हणायचं.

एमजीबीविषयी थोडं सांगायला हवं, कारण किमतीचं अर्धं गणित त्यातच आहे. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. म्हणजे ती दुर्मीळ नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था तर १९८८पासून अख्खी नवी बॉडी बनवून विकते आहे. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याची सोय होते, पण विकणाऱ्याचा हात दुबळा होतो. अमुक एक भाग फक्त माझ्याच गाडीत आहे, असं त्याला कधीच म्हणता येत नाही.

दुर्मीळ गाडीचं गणित वेगळं असतं. २०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसला आर्टक्यूरिअलच्या लिलावात बायों कुटुंबाच्या संग्रहातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोंच्या वर गेली. कित्येक वर्षं धूळ खात पडलेली, हात न लावलेली गाडी. तिथे त्या धुळीलाही भाव होता, कारण तशा गाड्या जगात मोजक्याच आहेत. अशा बातम्या वाचून गॅरेजमध्ये सापडलेल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं की आपली धूळही सोन्याची आहे. एमजीबीच्या धुळीला काही किंमत नाही. फार तर जीटी व्ही८ची, म्हणजे बंद टपाच्या, आठ सिलिंडरच्या एमजीबीची, गोष्ट थोडी वेगळी, कारण त्या २,५९१च बनल्या.

गाडी पाहताना

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला तर वर टपाचा आधारही नाही, म्हणून सगळा भार दाराखालून जाणाऱ्या पोकळ पेटीवर येतो. तिला सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. त्याच्या आत उभा पडदा, त्याच्या आत आतला सिल, आणि खाली कॅसल रेल नावाची घडीची पट्टी. हे चारही थर एकमेकांना वेल्ड केलेले असतात. पाणी आणि मीठ आत शिरलं की पेटी आतून सडायला लागते, आणि बाहेरचा पत्रा चांगला दिसतो तेव्हा आतला संपलेला असू शकतो. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. पन्नास हिवाळे पाहिलेल्या गाडीत सिल मूळचे असतील तर ते संपलेलेच असतात, आणि बदललेले असतील तर कसे बदलले हा प्रश्न उरतो.

गाडी लाल होती. दुरून छानच दिसत होती. बॉनेट उघडलं तर इंजिनाभोवतीचा पत्रा मात्र निळसर हिरवा, एमजीचा टील ब्लू. म्हणजे कधीतरी फक्त बाहेरून लाल रंग मारला होता. रंग बदलण्यात गैर काही नाही, पण गंज झाकायची वेळ आली की माणूस नव्या रंगाकडे वळतो, म्हणून मी चुंबक काढला. पातळ फडक्यात गुंडाळलेला साधा फ्रिजवरचा चुंबक. दाराच्या मागे, चाकाच्या पुढे मडगार्डचा खालचा कोपरा असतो, तिथे दोन्ही बाजूंना तो चिकटेना. पत्र्याच्या जागी पुट्टी होती. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकालाही तेच. चाकाने उडवलेला चिखल त्या आतल्या कप्प्यात साठतो आणि ओलाच राहतो.

मग दारं. दार बंद करून दार आणि मागचं मडगार्ड यांच्यामधली फट खालून वर पाहत गेलो. खाली करंगळीचं टोक सहज शिरत होतं, वर नख जेमतेम. फट अशी वर मिटत गेली की गाडी मध्येच खाली झुकली आहे असं समजायचं. पुढची-मागची चाकं टोकांना धरून आहेत आणि मधला भाग बसलाय. खात्री करायला डाव्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक हळूहळू वर घेतला. वरची फट डोळ्यांदेखत रुंदावली. धड असलेल्या बॉडीत ती जवळपास हलत नाही. उजव्या बाजूला तेच करायला गेलो तर ठोकळा वर जाता जाता पत्रा कुरकुरला आणि तपकिरी भुकटी खाली सांडली. तिथेच थांबलो. दुसऱ्याच्या गाडीचं आणखी नुकसान करायचा आपल्याला हक्क नाही.

विकणारा शेजारीच उभा होता. मी त्याला भुकटी दाखवली, बोललो काहीच नाही. सौद्याच्या वेळी गाडीची निंदा करणं मला पटत नाही. ती त्याच्या वडिलांची गाडी होती, आणि जे दिसतंय ते दोघांनाही दिसत होतं.

बाकीची पाहणी लवकर आटपली. सीटच्या मागचं झाकण काढलं, तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे डबे असतात. डावा सडलेला, उजवा बरा. डावीकडच्या फरशीला ठिगळावर ठिगळ. चौथा गिअर टाकून गाडी हाताने ढकलली तर पुढचा पंखा फिरला, म्हणजे इंजिन जाम नव्हतं. क्लच मात्र फ्लायव्हीलला चिकटलेला. एमजीबीत क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, पण एवढी वर्षं उभ्या गाडीचं इंजिन तसंही बाहेर येणारच. ब्रेक, पेट्रोलची टाकी, नळ्या, टायर, यांतलं काहीच जमेस धरायचं नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून इथे साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं आहे आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून नळ्या चांगल्या दिसल्या तरी बदलायच्याच.

फाइल

अशा सौद्यात मी गाडीखाली घालवतो तितकाच वेळ कागदांवर घालवतो. इथल्या वार्षिक तपासणीचा, म्हणजे एमओटीचा, इतिहास आता ऑनलाइन दिसतो, पण तो साधारण २००५पासूनचा. ही गाडी त्याआधीच बंद पडलेली, म्हणून सगळी मदार कागदी दाखल्यांवर. फाइल जाड होती. वडील नीटनेटके असावेत. प्रत्येक सर्व्हिसची पावती, दर वर्षीचा दाखला, त्यावरचे मैल ओळीने जुळत होते. चासी नंबर जीएचएन५ने सुरू होणारा, म्हणजे बी-सिरीज इंजिनाची दोन सीटची उघडी गाडी, पाचवी मालिका. इंजिनावरचा नंबर १८व्ही पासून सुरू होणारा, १९७२ला शोभणारा. गाडी जे सांगत होती तेच कागदही सांगत होते. दादाला मी एक गोष्ट बजावली की इथलं नोंदणीपत्र, व्ही५सी, हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं. म्हणून मुलाला वारसाहक्काने विकायचा अधिकार आहे हे दाखवणारा कागद वेगळा मागून घेतला. त्याने तो लगेच दिला.

फाइलच्या तळाशी २००४चा एक गुलाबी कागद घडी घालून ठेवला होता. तपासणीत नापास झाल्याचा. त्यावर हाताने लिहिलेलं कारण असं की सीटबेल्ट जिथे बसतो तिथून ३० सेंटिमीटरच्या आत सिल सडलेला आहे. हे ३० सेंटिमीटर महत्त्वाचे. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे सांगाड्याला जोडलेले असतात त्याभोवती एवढ्या अंतरात पत्रा मजबूत हवा, असा नियम आहे. गाडी का बंद पडली याचं उत्तर त्या एका ओळीत होतं. इंजिन बिघडलं नव्हतं. सिलचं काम करायला माणसाजवळ त्या वेळी पैसे किंवा उत्साह नव्हता. आणि त्यानंतर इतकी वर्षं गंज थांबला नव्हता.

विकणाऱ्याची बाजू अशी होती. १९९४मध्ये इंजिन पूर्ण उघडून बांधलंय, १,८०० पौंडांची पावती आहे. छत जवळजवळ नवं आहे. ओव्हरड्राइव्ह आहे. शिवाय चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने रस्ताकर नाही, एमओटीची सक्तीही नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण १९९४ला केलेला खर्च १९९४ ते २००४ या काळात वापरून झाला. पावती इंजिनाचा इतिहास सांगते, त्याची आजची किंमत नाही. ओव्हरड्राइव्ह आणि करमाफी या गोष्टी तयार गाडीच्या बाजारभावात आधीच धरलेल्या असतात. त्यांचे पुन्हा वेगळे पैसे दिले तर एकाच गोष्टीचे दोनदा दिल्यासारखं होतं. एमओटीची सक्ती नसणं तर मला अशा वेळी धोक्याचंच वाटतं. कायदा विचारत नाही म्हणून सडलेल्या सिलवर कुणी रस्त्यावर येऊ नये.

उलटा हिशेब

घरी येऊन आम्ही दोघं बसलो. तयार झाल्यावर ही गाडी कशी असेल ते आधी ठरवलं. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी नाही. धड सांगाड्याची, नीट रंगाची, रविवारी कॉट्सवोल्ड्सच्या रस्त्यांवर भरवशाने फिरवता येईल अशी. त्या दर्जाच्या क्रोम बंपरच्या रोडस्टरला आम्ही पाहिलेल्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमती चौदा-पंधरा हजार पौंडांच्या आसपास होत्या. जाहिरातीत लावलेला आकडा ही मालकाची इच्छा असते, म्हणून फक्त झालेल्या विक्रीच धरल्या. मध्य म्हणून १४,५०० धरले.

आता खर्च. गाडी सुटी करणं, पुन्हा जोडणं आणि यांत्रिक काम दादा स्वतः करणार, वेल्डिंग आणि रंग वर्कशॉपकडून. पत्राकामाचा अंदाज फोटो आणि माझ्या नोंदींवरून आधीच मागवला होता. दोन्ही बाजूंचे सिल चारही थरांसह, डावी फरशी, मागचे खालचे कोपरे, बॅटरीचा डबा, पुढच्या मडगार्डचे खालचे भाग, मिळून ७५ तास. तासाला ५५ पौंड, वर २० टक्के व्हॅट. झाले ४,९५०. पत्र्याचे नवे भाग १,४००. रंग ४,२००. ब्रेक, हायड्रॉलिक्स आणि इंधनाचं सगळं ९००. किंगपिन, बुश, डँपर वगैरे सस्पेन्शन ७५०. टायर ४००. इंजिनाचे गॅस्केट, क्लच, पाण्याचा पंप, दोन एसयू कार्ब्युरेटर ताजे करणं, १,०००. सीट, गालिचा, आतली सजावट १,३००. क्रोम, रबर, वायरिंग ९००. ट्रेलरवरून आणणं आणि किरकोळ ३००. बेरीज १६,१०० पौंड.

त्यावर अनपेक्षितासाठी १५ टक्के, म्हणजे २,४१५. इथे बरेच जण सूट घेतात. कदाचित काही निघणारच नाही, म्हणतात. गंजाच्या बाबतीत मी ही सूट घेऊ देत नाही. पत्रा कापल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि आत जे निघतं ते जवळजवळ नेहमी बाहेरून धरल्यापेक्षा जास्त असतं. म्हणून एकूण १८,५१५.

चौदा हजार पाचशेतून अठरा हजार पाचशे पंधरा वजा केले तर उणे ४,०१५ राहतात. गाडी फुकट मिळाली तरी चार हजारांचा खड्डा. यांत्रिक कामही वर्कशॉपला दिलं असतं तर आणखी १२० तासांचे, व्हॅटसह ७,९२० पौंड त्यात पडले असते.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे घेऊच नको असंच ना?"

तसं नाही. साध्या, भरपूर बनलेल्या कुठल्याही क्लासिक गाडीचं उत्तर आज असंच येतं. मजुरीचे दर वाढले, गाड्यांचे भाव त्या मानाने वाढले नाहीत. पैशांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग एकच, कुणीतरी आधीच नुकसान सोसून तयार केलेली गाडी चौदा-पंधरा हजारांना घ्यावी. मी दादाला ते स्पष्ट सांगितलं आणि तशा दोन गाड्या दाखवायची तयारीही दाखवली. पण त्याला चालवण्याइतकंच बांधण्यात रस होता. वेल्डिंग सोडून बाकी गाडी आपल्या हाताने उभी करायची, पुढची तीन वर्षं संध्याकाळी गॅरेजमध्ये जायचं, हीच त्याची खरी खरेदी होती. त्या आनंदाची किंमत बाजार ठरवत नाही, ती घेणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवायची असते, आकड्यात. मी त्याला विचारलं, तीन वर्षांच्या या छंदासाठी परत न येणारे किती पैसे घालायला तू तयार आहेस? वहिनीशी बोलून त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, सहा हजार.

एवढा आकडा मिळाला की हिशेब सुटतो. सहा हजारांतले ४,०१५ खड्ड्यात जाणार. उरले १,९८५. म्हणजे गाडीला जास्तीत जास्त दोन हजार.

हा आकडा फक्त आपल्या सोयीचा आहे की बाजारालाही मान्य आहे, हे दोन बाजूंनी ताडून पाहिलं. एक, गाडी मोडून विकली तर काय येईल? ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स ५००, इंजिन ३००, दारं २००, बॉनेट १००, छताचा सांगाडा १५०, चाकं १००, डिकीचं झाकण ८०, काचेची चौकट १५०, मीटर आणि दिवे २००. मिळून १,७८०, तेही कुणी चार शनिवार खर्ची घातले तर. दोन, अशाच पूर्ण पण सडलेल्या, न चालणाऱ्या एमजीबी लिलावात कितीला गेल्या? आम्ही पाहिलेल्या बहुतेक दीड ते साडेतीन हजारांत, आणि साडेतीनवाल्यांचे सिल आधीच नीट बदललेले. दोन हजार हा आकडा दोन्ही बाजूंनी टिकला.

पत्राकामावर एक वरची मर्यादाही असते, ती सांगून ठेवतो. जुन्या बॉडीवरचं वेल्डिंग आणि भाग मिळून नव्या हेरिटेज बॉडीच्या किमतीजवळ पोहोचले तर जुनी दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवी बॉडी दहा हजार पौंडांच्या वर जाते, इथे आम्ही सव्वासहा-साडेसहा हजारांत होतो. म्हणून दुरुस्तीच योग्य. उजवा सिल उघडल्यावर आकडा फारच वर गेला असता तर हा प्रश्न पुन्हा काढायचा, असं आम्ही लिहून ठेवलं.

पुण्यातल्या आमच्या एका भाच्याने हे ऐकून विचारलं की तिकडे हे काम कितीत झालं असतं. तिथे गणिताची दोन्ही टोकं बदलतात. डेंटिंग-पेंटिंगची मजुरी इथल्या मानाने फार कमी, आणि चांगल्या मेस्त्रीच्या हातात नुसत्या सपाट पत्र्यातून मडगार्ड घडवायची कला आहे, ती इथे दुर्मीळ होत चालली आहे. पण एमजीबीचे सुटे भाग ब्रिटनहून मागवायचे, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून भारतात व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. उलटं मोजायची रीत तीच, आकडे सगळे तिथले घ्यायचे.

बोलणी

दादाने फोन केला आणि १,८०० सांगितले. समोरचा दुखावला. साहजिक होतं. साडेसहा हजार मनात धरलेल्या माणसाला हा आकडा अपमान वाटतो. म्हणून आम्ही पुन्हा भेटायला गेलो आणि खर्चाचा कागद तसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवला, १४,५००च्या ओळीसह, दादाच्या सहा हजारांची ओळ फक्त सोडून. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझा अनुभव असा की विकणाऱ्याला बोलीचा राग येतो, हिशेबाचा येत नाही. त्याने गुलाबी कागद पुन्हा वाचला आणि ४,५००वर आला. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आणि लिलावात घालून पाहा असं मनापासून सुचवलं. दोन्ही बाजूंनी लिलावगृहाचं कमिशन, ट्रेलरचा खर्च आणि न विकली गेल्यास परत आणणं, हे सगळं त्याने चौकशी करून पाहिलं.

महिनाभराने त्याचा फोन आला. गॅरेज रिकामं करताना माळ्यावर कारखान्याचा मूळ हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारा कडक टप, सापडला होता, ताडपत्रीत गुंडाळलेला. तो वेगळा विकला तर तीनशे-चारशे पौंड सहज येतील. हार्डटॉपसकट २,५०० म्हणाला. दादाने मला विचारलं की आपली दोन हजारांची रेघ ओलांडायची का. रेघ गाडीपुरती होती. हार्डटॉप त्या हिशेबात नव्हता आणि त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे, म्हणून कमीत कमी तीनशे वाढवणं रास्त होतं. २,३०० ही नवी रेघ. सौदा २,२५०ला झाला. बँकेतून पैसे गेले, दोन ओळींची विक्रीपावती दोघांनी सही केली.

उघडल्यावर

गाडी वर्कशॉपमध्ये गेली तेव्हा दारं जागेवर ठेवून, बॉडीला मध्ये आधार देऊनच सिल कापायला सांगितलं. हे न केल्यास गाडी झुकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते आणि मग दार जन्मात नीट बसत नाही. डावी बाजू अंदाजाप्रमाणे निघाली. उजवीकडे बाहेरचा सिल काढल्यावर त्याच्या आत आणखी एक, जुना, सडलेला सिल होता. कुणीतरी कधीतरी सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून रंग मारला होता. बिजागरीच्या खांबाचं खालचं टोकही गेलेलं. २२ तास वाढले, व्हॅटसह १,४५२ पौंड. नव्या बॉडीची मर्यादा अजून दूर होती, म्हणून काम पुढे चालू ठेवलं.

इंजिनाने मात्र चांगली बातमी दिली. १९९४चं काम कसून केलेलं होतं, सिलिंडर मापात, बेअरिंग स्वच्छ. फक्त हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट जुन्या प्रकारच्या, शिसं असलेल्या पेट्रोलसाठीच्या. ते पेट्रोल इथे १९९९च्या अखेरीस सामान्य विक्रीतून गेलं. कडक सीट बसवून घेतल्या, ३८० पौंड.

म्हणजे अनपेक्षितासाठी ठेवलेल्या २,४१५पैकी १,८३२ गेले, ५८३ उरले आहेत. हार्डटॉप दादाने विकला नाही, हिवाळ्यात लागेल म्हणतो. त्याचा पैसा त्यामुळे अडकलेलाच राहील, आणि ते त्याने समजून केलं आहे.

आता रंग. दादाला आधी लालच ठेवायचा होता. पण इंजिनाभोवतीचा, डिकीतला आणि दारांच्या कडांचा पत्रा अजून मूळच्या टील ब्लूमध्ये आहे, आणि तो चांगला आहे. बाहेरून पुन्हा टील ब्लू दिला तर आतलं सगळं आपोआप जुळतं. लाल धड करायचा तर इंजिन नसलेल्या त्या पोकळीपासून सगळंच रंगवावं लागेल, वर्कशॉपने त्याचे ९०० पौंड जादा सांगितले आहेत, आणि ५८३त ते बसत नाहीत. शिवाय मूळ रंगाची गाडी कागदांशी जुळते. रंगाच्या दुकानातून टील ब्लूची नमुनापट्टी त्याने आणली आहे आणि पुढच्या आठवड्यात बॉडी रंगाला जाते आहे.